वीस वर्षांच्या बाँडाचा ऑक्टोबर

आमच्याकडचा पाऊस ऑक्टोबरात नोकरीवर रुजू होतो आणि मे महिन्यात निवृत्त होतो. मधे एक रजा घेत नाही. देशातला पाऊस पडतो, हा राहतो, भाडेकरूसारखा. इथे कॅनडात, कोक्विटलामच्या बसस्टॉपवर उभ्या असलेल्या एका गृहस्थाच्या खांद्यावर शेवाळ धरलं आणि त्यात एका चिमणीनं घरटं केलं, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. बायको म्हणते, ते हिरवं जॅकेट होतं. असेल. पण चिमणीबद्दल ती काही बोलत नाही, एवढं ध्यानात घ्या.

यंदाही तो वेळेवर आला. मेपलची पानं रस्त्याला ओल्या पापडांसारखी चिकटली. पहिल्यांदा हीटिंग लावलं तेव्हा सगळ्या घरात ती भाजक्या धुळीची ऊब दरवळली, जी मला आता कुठल्याही अत्तरापेक्षा जास्त आपली वाटते. आणि मी माझ्या हंगामी कामाला लागलो. दुपारी धाकटी ईरा शाळेतून आली की मी आधी तिची पाण्याची बाटली कानाशी धरून हलवतो.

"बाबा, व्हाय आर यू सो वीअर्ड?" ती विचारते.

प्रश्न इंग्लिशमधला आणि एका ओळीचा आहे. उत्तर मराठीतलं आहे आणि ते सांगायला मला एक अख्खा जुना ऑक्टोबर बाहेर काढावा लागतो.

तेव्हा ईरा तीन वर्षांची होती आणि थोरला चिन्मय चौथीत. आमचं गाव कोक्विटलामच्या शेजारी, टेकडीवर. नाव सांगत नाही, कारण गावकरी मराठी वाचत नसले तरी त्यांच्या काही सुना वाचतात. शाळेची मूळ इमारत विटांची, छोटीशी, गाव छोटं होतं तेव्हाची. मग गाव फुगलं, शाळा नाही फुगली. म्हणून मैदानात पोर्टेबल आणून ठेवल्या. पोर्टेबल म्हणजे उचलून दुसरीकडे नेता येणारा वर्ग, लाकडी पायऱ्यांवर बसवलेलं लांबट खोकं. उचलून नेता येतो असं नुसतं म्हणायचं. आमच्या पोर्टेबलांना शेवाळानं टेकडीशी असं टाचून टाकलं होतं की त्या उचलल्या असत्या तर खालचं गावही वर आलं असतं.

आत ओल्या मोज्यांचा, संत्र्याच्या सालींचा आणि तापलेल्या हीटरचा मिळून एक वास असायचा. तो वास चिन्मयच्या दप्तरातून घरी यायचा आणि आमच्याबरोबर जेवायला बसायचा. छपरावर पाऊस एवढा वाजायचा की बाई पाढे म्हणायच्या आणि मुलं ओठ वाचायची. त्या वर्गातली पोरं पुढे गुप्तहेर खात्यात जातील असा माझा अंदाज होता.

या खोक्यात सगळं होतं, वॉशरूम नव्हतं. ते विटांच्या इमारतीत, मैदानापलीकडे. जायचं तर जॅकेट चढवायचं, हूड ओढायचं, आणि एकटं जायचं नाही. सोबत एक बडी, म्हणजे वर्गातला जोडीदार, न्यायचा, असा नियम. नियम चांगलाच. पण त्याचा अर्थ असा की एकाला लागली की दोघं भिजणार. चिन्मयला यात मौज वाटायची. तो आणि त्याचा बडी चिखलातून घसरत जायचे आणि येताना गांडुळं घेऊन यायचे. त्याच वर्गातल्या मैत्रेयीला, सुजाताताईंच्या लेकीला, मौज वाटत नव्हती.

सुजाताताई मेश्राम आमच्या गल्लीतल्या. मूळच्या भंडाऱ्याकडच्या, नागपूरला इंजिनियर झालेल्या, इथे पाण्याच्या नळयोजनांची गणितं करतात. आवाज असा की डोंगराला हाक मारली तर डोंगर 'आलो ताई' म्हणेल. दुपारी आम्ही दोघं पोरांना आणायला जायचो. घरी पोचताना रोज एक गोष्ट घडायची. मैत्रेयी दाराशी थांबायची, दप्तरातून बाटली काढायची आणि पायरीजवळच्या हायड्रेंजियाला घालायची. पूर्ण बाटली. सकाळी भरलेली, जशीच्या तशी. त्या झुडपाला एवढं पाणी मिळायचं की त्याची फुलं फुलकोबीएवढी यायची आणि शेजारच्या गल्लीतले लोक फोटो काढायला यायचे.

एक दिवस मी आपला नेहमीच्या उत्साहात म्हणालो, "ताई, भरलेलं भांडं समोर येणं म्हणजे शुभशकुन हं! तुमच्याकडे रोजच चाललाय."

ताई हसल्या नाहीत. त्यांनी लेकीला विचारलं, "काहून पीत नाहीस गं पाणी?"

मैत्रेयी बुटांकडे बघत म्हणाली, "इफ आय ड्रिंक, आय हॅव टु गो. देन समबडी हॅज टु गेट वेट विथ मी."

कोणाला तरी माझ्यासोबत भिजावं लागतं. नऊ वर्षांची पोर. दिवसभर घसा कोरडा ठेवत होती, दुसऱ्याचे मोजे कोरडे राहावेत म्हणून.

ती आत गेल्यावर ताई तिथेच पायरीवर बसल्या, पावसात. "भाऊ, सातवीपर्यंत मी असंच भरलेलं भांडं होते. झेडपीची शाळा, पोरींना संडास नाही. सकाळी निघताना पाणी प्यायचं नाही, मधल्या सुट्टीत नाही. घरी पोचलं की माठावर तुटून पडायचं. माझ्या आजोबाला तर वर्गातच घेत नव्हते, दाराबाहेर बसून शिकला तो. एकेक पायरी चढत आलो जी आम्ही. समुद्र ओलांडून आले मी. आणि माझी पोरगी तेच करते, फक्त इंग्लिशमधून."

मी त्या शकुनाबद्दल माफी मागितली. माझ्या बाबतीत ही घटना गावच्या इतिहासात नोंदवण्यासारखी आहे.

नशीब असं की त्याच ऑक्टोबरात गावापुढे एक प्रस्ताव आला होता. शाळेच्या इमारतींना इथे एरवी प्रांत पैसे देतो, पण त्या रांगेत आमचा नंबर लागेपर्यंत चिन्मयची नातवंडं पोर्टेबलमध्ये बसली असती. म्हणून गावानं आणि शाळेनं मिळून ठरवलं होतं: इमारतीला नवा मजबूत भाग जोडायचा. खरेखुरे वर्ग, प्रत्येक मजल्यावर वॉशरूम, आणि एक जिम, जी संध्याकाळी गावाला खुली. त्यासाठी गावानं बाँड काढायचे, म्हणजे कर्ज उभारायचं, आणि वीस वर्षं घरपट्टीतून ते फेडायचं. मात्र लोकांनी होय म्हटलं तरच. त्यावर मतदान होणार होतं.

पावसाबरोबर पाट्या उगवल्या. अंगणाअंगणात, अळंब्यांसारख्या. हिरवी पाटी 'येस', लाल पाटी 'नो'. आमच्या गल्लीत लालच जास्त. घरपट्टी हा शब्द ऐकला की सज्जन माणसाच्या चेहऱ्यावर कसा दाढदुखीचा भाव येतो, तो जगभर एकच असतो, त्याला भाषांतर लागत नाही.

सुजाताताईंनी कंबर कसली. आणि आता ऐका, कारण ही गोष्ट मी जराही वाढवून सांगत नाहीये, तशी गरजच नाही. सुजाताताईंना मतच नव्हतं. मत फक्त नागरिकांना असतं आणि त्या तेव्हा पीआर, म्हणजे नुसत्या कायम रहिवासी, होत्या. शिवाय इमारत उभी राहीपर्यंत मैत्रेयी पुढच्या, मिडल स्कूलमध्ये गेली असती. जे मत देता येत नाही ते मागायचं, आणि जी इमारत आपल्या लेकीला मिळणार नाही ती बांधायला सांगायची! मी विचारलं, "ताई, यात तुम्हाला काय मिळणार?"

"मी ज्या शाळेत शिकले तिच्या भिंती कोणी बांधल्या, त्यांना काय मिळालं?" त्या म्हणाल्या. "छत्री धरा नीट, भाऊ. माझी कागदं भिजून राहिली."

मराठी मंडळाची कोजागिरी त्याच आठवड्यात होती. आमची कोजागिरी संध्याकाळी सहाला असते, कारण चर्चचा हॉल नऊला बंद होतो. चंद्राचा तर प्रश्नच नाही, ऑक्टोबरात इथे चंद्र ही केवळ श्रद्धेची बाब आहे. आम्ही तो प्रोजेक्टरवर लावतो. त्या वर्षी इंटरनेट अडखळलं आणि पौर्णिमेचा चंद्र अष्टमीलाच अडकून बसला. त्या अर्ध्या चंद्राच्या साक्षीनं, मसाला दुधाचे पेले हातात असताना, सुजाताताई माइकवर आल्या.

"जय भीम, नमस्कार. आपल्या पोरांच्या शाळेसाठी बाँड येऊन राहिला आहे. वीस वर्षांचा. तुम्ही सर्वांनी त्याला होय म्हणायचं आहे."

हॉलमध्ये अशी शांतता पसरली की दुधावर साय धरल्याचा आवाज आला.

कारण बाँड! त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांनी तरुणपणी बाँड लिहून दिलेला होता. पुण्यातल्या कंपन्यांना, सरकारी मेडिकल कॉलेजांना. आपल्याकडे बाँड म्हणजे गुंतवणूक नव्हे. बाँड म्हणजे स्टॅम्प पेपर, त्यावर सही, आणि मधेच पळालास तर याद राख.

माझा मित्र अभय देशमुख उठून उभा राहिला. पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, शूर गडी. पण त्याचा आवाज चिरकला. "किती वर्षांचा म्हणालात?"

"वीस."

"अहो, मी दोन वर्षांचा दिला होता तर माझे केस गेले! दहावीपासूनची ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेतली होती त्यांनी. लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांना झेरॉक्स दाखवली!"

"इथे पण ओरिजिनल ठेवतात का?" मागून एक बाई.

"पोरांचा पासपोर्ट ठेवत असतील."

"म्हणजे शाळा शिकून वीस वर्षं याच गावात नोकरी करायची? आमच्या ओंकारला टोरांटोला जायचंय!"

आता इथे मी उठून खुलासा करायला हवा होता असं कोणी म्हणेल. पण चांगला गोंधळ उकळायला लागला की त्याखालचा गॅस बंद करणं हे माझ्या स्वभावात नाही. मी फक्त शेजारच्याला कानात सांगितलं की बाँड मोडला तर घोड्यावरचे लाल डगलेवाले पोलीस घरी येतात. हॉलच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्या घोड्यांची पलटण झाली होती.

आणि तेवढ्यात अभयच्या आई बोलल्या. काकू तेव्हा पहिल्यांदाच इकडे आल्या होत्या. त्या लेकाकडे बघत होत्या. आवाज हळू, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"वीस वर्षं? तू तर दोन वर्षांनी परत येणार होतास ना रे?"

अभय दोन वर्षांनी परत जाणार हे गेली बारा वर्षं सांगत होता. मीही सांगत होतो. हॉलमधला जो तो सांगत होता, दर दिवाळीला, फोनवर. भिंतीवर अर्धा चंद्र गोलगोल फिरणारं चिन्ह दाखवत राहिला.

सुजाताताई माइक ठेवून खाली आल्या आणि काकूंच्या खुर्चीशी उकिडव्या बसल्या. "काकू, घाबरू नका. पोट्टे लिहून नाही द्यायचे कोणाला. हा बाँड गावाचा आहे. गाव आज कर्ज काढतं, वर्ग बांधतं, संडास बांधते, आणि वीस वर्षं थोडंथोडं फेडतं. जो राहते तो फेडतो."

"आणि जो निघून गेला तो?"

"त्याच्या घरात जो येईल तो फेडतो. कोणाला अडवत नाही कोणी."

काकूंनी यावर बराच विचार केला. पेल्यातलं दूध संपवलं. पदरानं ओठ टिपले. "म्हणजे अख्खं गावच बाँडवर आहे म्हणायचं."

"हो जी."

"मग तू एकटा कशाला मोकळा फिरतोयस?" त्या अभयला म्हणाल्या. "इकडचा नाही, तिकडचा नाही. दोन वर्षं, दोन वर्षं. लिहून दे बाबा. माझी काळजी करू नकोस. लिहून दे."

अभय नाकातून काहीतरी आवाज काढत दूध आणायला गेला. त्याच्या पेल्यात दूध होतंच.

पुढचा आठवडा आम्ही दारोदार हिंडलो. ताई पुढे, मी छत्री घेऊन मागे. आमच्या समोरच्या घरात ग्लेन राहायचा. निवृत्त, धिप्पाड, अंगणात लाल पाटी एवढी मोठी की विमानातून दिसावी. तो दारात हात बांधून उभा राहिला. माझी मुलं मोठी झाली, म्हणाला, त्यांच्या शाळेचे पैसे मी भरले, आता पुढच्यांनी आपलं बघावं.

ताईंनी वाद घातला नाही. पिशवीतून मैत्रेयीची बाटली काढली आणि त्याच्या हातात दिली.

"इट्स फुल," ग्लेन म्हणाला.

"येस. अँड स्कूल इज ओव्हर."

मग त्यांनी सांगितलं. बडीचं, भिजण्याचं, हायड्रेंजियाचं. ग्लेन बाटलीकडे बघत राहिला. छत्रीवरून पाणी माझ्या कॉलरमध्ये उतरत होतं, पण मी हललो नाही. शेवटी तो म्हणाला की तो सस्कॅचेवानच्या गव्हाळ माळावरच्या एका खोलीच्या शाळेत शिकला. संडास बाहेर, आवाराच्या टोकाला. हिवाळ्यात, उणे चाळीसमध्ये. "वी हेल्ड इट टू," तो हळूच म्हणाला. आम्हीही धरूनच ठेवायचो.

बाटली परत देताना त्याला आपला ताठा आठवला. पाटी मी काढणार नाही, म्हणाला. एवढी ठोकून बसवलीये. पण तिथे मतदानाला पुठ्ठ्याचा आडोसा असतो, आणि पुठ्ठ्याआड माणूस काय करतो हे त्याचं त्याला ठाऊक.

मतदान शाळेच्या त्या जुन्या, इवल्याशा जिममध्ये झालं. कॅनडाचा नागरिक म्हणून माझं पहिलं मत. पंतप्रधान निवडायला नाही, खासदार निवडायला नाही, संडासासाठी. दोरीला बांधलेली छोटी पेन्सिल होती, फुली मारायची होती, आणि मला मात्र स्टॅम्प पेपरवर सही करतोय असंच वाटत होतं. वीस वर्षांचा. लिहून दिला.

बाहेर आलो. मतदानाच्या जागेजवळ प्रचार चालत नाही, म्हणून सुजाताताई कायद्यानं सांगितलेल्या अंतरापलीकडे, रस्त्याच्या त्या बाजूला, छत्रीखाली उभ्या होत्या. हातात पत्रक नाही, काही नाही. नुसत्या दाराकडे बघत. आत जाता येत नव्हतं त्यांना. आजोबा आठवले मला त्यांचे, न पाहिलेले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"पेन्सिलीला टोक होतं ना? नाहीतर फुली पुसट दिसते म्हणून बाद करायचे हे लोक."

माझ्यामागून अभय आला, काकूंना हाताला धरून. काकूंनाही मत नव्हतं, पण पोरगा खरंच लिहून देतो की नाही ते बघायला त्या आल्या होत्या.

बाँड मंजूर झाला. किती मतांनी ते विचारू नका. तो आकडा मी दरवर्षी थोडा कमी करत आणतो. सध्या तो अकरावर आहे. आणखी काही वर्षांनी एकावर येईल, आणि ते एक मत कोणाचं होतं हे मी विनयानं सांगणार नाही.

मग बांधकामाचे हिवाळे आले. पिवळ्या क्रेन, कुंपणाला नाक लावलेली पोरं, चिखल. पोर्टेबल एकेक करून ट्रकवर चढल्या. शेवाळाच्या मुळ्या तुटताना असा आवाज झाला की कोक्विटलामला लोकांना भूकंप वाटला. आणि ठरल्याप्रमाणे, इमारत पुरी होण्याआधीच मैत्रेयी मिडल स्कूलला गेली.

उद्घाटनाला मात्र ती आली. भाषणं झाली, फीत कापली गेली, टाळ्या झाल्या. सगळे केक खायला वळले तेव्हा मैत्रेयी आईच्या कानात काहीतरी म्हणाली आणि नव्या कॉरिडॉरमध्ये, वर्गाला लागून असलेल्या निळ्या दाराआड गेली. काही क्षणांनी फ्लशचा आवाज आला. माझ्या मते खरं उद्घाटन ते. "जस्ट टु ट्राय इट," बाहेर येऊन ती म्हणाली, आणि कान लाल करून हसली. सुजाताताई केकच्या टेबलाकडे पाठ करून खिडकीतून बराच वेळ पाऊस बघत होत्या. त्या पावसात बघण्यासारखं काही नव्हतं.

आता ईरा तिसरीत आहे, त्याच निळ्या दाराशेजारच्या वर्गात. काल तिला आणायला गेलो तर दाराशी सुजाताताई भेटल्या. मैत्रेयी हायस्कूलला गेली तरी त्या बुधवारी मुलांना वाचून दाखवायला येतात. तो डोंगरी आवाज अजून तसाच, पण आता छपराशी स्पर्धा नाही. ईरानं दप्तर माझ्याकडे फेकलं. मी सवयीनं बाटली काढली, हलवली, उलटी धरली. एक थेंब पडला नाही.

"ताई, बघा," मी म्हणालो, "रिकामं भांडं समोर आलं. आमच्या आईनं बघितलं असतं तर अपशकुन म्हणून घरात परत फिरली असती. मला तर हा साऱ्या वर्षातला सगळ्यात मोठा शुभशकुन वाटतो."

"शकुन-बिकुन काही नसते, भाऊ," ताई म्हणाल्या. "वर्गाशेजारी संडास असते."

बाँड फिटायला अजून पुष्कळ वर्षं आहेत. मला कुठे जायची घाई नाही. अभयनं या हिवाळ्यात बेसमेंट करायला घेतलंय, काकूंसाठी खालीच एक खोली.

"आत्या, आय'म थर्स्टी," ईरा ताईंकडे वळून म्हणाली.

ताईंनी बाटली घेतली, कॉरिडॉरमधल्या नळाखाली काठोकाठ भरली आणि तिच्या हातात दिली. "पी."

ईरानं मान मागे टाकून घटाघटा निम्मी बाटली संपवली, बाहीनं तोंड पुसलं, एक पाय दुसऱ्यावर ठेवून क्षणभर चुळबुळ केली. बाहेर पाऊस आडवा-तिडवा चालला होता. ईरा निळ्या दाराकडे पळाली. एकटी, आणि कोरडी.